ओरखडा, रंग आणि कारागीर : मुंबई व नवी मुंबई परिसरातील मोटारींच्या रंगदुरुस्तीचा इतिहास (विशेष संदर्भ : सीवूड्स)

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास बहुधा कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या कंपनीने कोणते वाहन कोणत्या वर्षी बाजारात आणले, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु वाहन कारखान्यात फार थोडा काळ असते. त्याचे उर्वरित आयुष्य रस्त्यावर, वाहनतळावर आणि गॅरेजमध्ये जाते. या दीर्घ आयुष्याचा इतिहास म्हणजे पर्यायाने दुरुस्तीचा इतिहास होय, आणि त्यात सर्वाधिक वेळा उद्भवणारी बाब म्हणजे रंगावर उमटलेला ओरखडा. ओरखड्याने मोटार बंद पडत नाही. त्यामुळे तो भरून काढावा की तसाच ठेवावा, आणि भरायचा झाल्यास किती खर्चात, हा निर्णय मालकाच्या हाती राहतो.

हा निर्णय केवळ मालकाच्या ऐपतीवर अवलंबून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रंगाचे रसायन, वाहनांची बाजारपेठ, विम्याचे नियम आणि हाती उपलब्ध असलेला कारागीर या चार घटकांनी तो वेळोवेळी घडवला आहे. मुंबई आणि खाडीपलीकडील नवी मुंबई या परिसरात हे चारही घटक एकत्र पाहावयास मिळतात. म्हणून हा परिसर, आणि त्यातही सीवूड्स हे तुलनेने नवे उपनगर, प्रस्तुत लेखात अभ्यासक्षेत्र म्हणून घेतले आहे.

उद्दिष्टे

१) मोटारीच्या रंगाच्या स्वरूपात झालेले बदल आणि त्यांचा दुरुस्तीच्या खर्चाशी असलेला संबंध तपासणे.
२) मुंबई व नवी मुंबई परिसरातील रंगदुरुस्तीच्या व्यवसायाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे.
३) अल्प खर्चातील दुरुस्तीचा भार अंतिमतः कोणावर पडतो, याचा विचार करणे.

१. बग्गीच्या रोगणापासून ड्यूकोपर्यंत

प्रारंभीच्या मोटारींना रंग देण्याची पद्धत घोडागाडीच्या कारागिरीतून आली होती. तेलरंगाचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर घासकाम आणि अखेरीस रोगण असा हा क्रम होता. तेलरंग हवेत सावकाश वाळत असल्याने एका गाडीच्या रंगकामास कित्येक आठवडे लागत. भट्टीत वाळणाऱ्या काळ्या एनॅमलने हा वेळ कमी केला, परंतु त्यामुळे रंगांची निवड संकुचित झाली.

१९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी बाजारात आणले आणि ही अडचण दूर झाली. हा रंग काही मिनिटांत हाताला न चिकटण्याइतका वाळे. तो कुंचल्याने लावणे कठीण असल्याने फवारणी आवश्यक ठरली. फवारणीचे साधन तत्पूर्वीच तयार होते. ओहायो राज्यातील डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी १८८८ मध्ये रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण बनविले होते आणि त्यांच्या मुलाने पुढे त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन विकसित केली.

दुरुस्तीच्या दृष्टीने लॅकरचे तीन गुण निर्णायक ठरले. तो उघड्या हवेत वाळत असल्याने भट्टीची गरज नव्हती. जुन्या थरावर नवा थर देताच थिनरमुळे खालचा थर किंचित विरघळे आणि दोन्ही एकजीव होत. वाळल्यानंतर वॉटर पेपर व रबिंग कंपाउंडने घासून त्याची चमक परत आणता येई. थोडक्यात, कारखान्यात दिलेला रंग रस्त्याकडेच्या कारागिरालाही जवळपास तसाच देता येत असे. भारतात ‘ड्यूको’ हे विशेषनाम पुढे सामान्यनाम झाले. फर्निचरवरील फवारलेल्या रंगालाही आज ड्यूको म्हटले जाते, यावरून या रसायनाचा येथील कारागिरीवर किती खोल ठसा उमटला, हे ध्यानात येते.

२. मुंबई : जुळणी आणि रंग या दोन्ही उद्योगांचे केंद्र

मोटारींची जुळणी आणि रंगनिर्मिती हे दोन्ही उद्योग मुंबईत जवळजवळ एकाच काळात रुजले. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये मुंबईत भारतातील आपला व्यवसाय सुरू केला, तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी सुरू केली. लोअर परळ येथे १९२० मध्ये स्थापन झालेली गहागन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी १९३३ मध्ये गुडलास वॉल झाली, आणि पुढे नेरोलॅक या नावाने ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, गिरगावात एशियन पेंट्सची सुरुवात झाली.

१९४४ मध्ये मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून १९४७ पासून वाहने बाहेर पडू लागली. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात शासनाने केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना प्रतिकूल असे धोरण स्वीकारले. त्या काळात जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम बंद केले. परिणामी मोजक्या देशी उत्पादकांकडे संपूर्ण बाजारपेठ आली. मुंबईपुरते बोलायचे झाल्यास ही बाजारपेठ प्रामुख्याने फियाटची होती.

३. फियाटचा काळ आणि टिकवून वापरण्याची अर्थव्यवस्था

परवाना पद्धतीच्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती असलेली मोटार दीर्घकाळ टिकविणे ही सवय नसून गरज होती. पत्रा ठोकून सरळ करणारा टिंकर आणि त्यावर रंग चढविणारा पेंटर ही जोडी या गरजेतून प्रतिष्ठा पावली. ‘डेंटिंग-पेंटिंग’ हा जोडशब्द याच व्यवसायाचा आहे. ठोकलेल्या पत्र्यावर लांबी भरणे, ती पाण्याने घासून सपाट करणे, प्रायमर देणे, पुन्हा घासणे, त्यावर रंगाचे हात फवारणे आणि शेवटी पॉलिश करणे, हा क्रम उस्तादाकडून शागिर्दाकडे प्रत्यक्ष कामातून जात असे. त्यासाठी लिखित अभ्यासक्रम नव्हता.

या काळात स्वस्त दुरुस्ती शक्य होण्यामागे आणखी एक कारण होते. मोटारींचे रंग मोजके व साधे होते. त्यांत धातूचा चुरा अथवा मोतिया झाक नसे. कारागीर पांढरा, काळा, पिवळा अशा मूळ रंगांच्या डब्यांतून नजरेच्या अंदाजाने छटा जुळवीत असे. उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी जुळणारी छटा तयार करणे ही तर त्याची खासियत होती, कारण डब्यावर छापलेल्या क्रमांकाने ती मिळत नसे.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी या अर्थव्यवस्थेचे ठळक उदाहरण होय. व्यावसायिक वाहनाला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. या ‘पासिंग’पूर्वी टॅक्सीची डागडुजी व रंगकाम करून घेण्याचा प्रघात होता. सर्व टॅक्सींचे रंग समान असल्याने छटा जुळविण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिच्याबरोबर रंगदुरुस्तीची एक संपूर्ण पद्धतही मागे पडली.

४. १९८३ नंतरचे स्थित्यंतर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ग्राहकांच्या हाती आली. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि अनेक परदेशी उत्पादक भारतात उतरले. या बदलाची चर्चा सामान्यतः ग्राहकाला मिळालेल्या निवडीच्या अंगाने होते. रंगदुरुस्तीच्या दृष्टीने मात्र मोटारीच्या पृष्ठभागाची रचनाच बदलली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक प्रायमर, त्यावर सरफेसर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. या सर्वांची एकत्रित जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या दुपटीच्या आसपास असते. कारखान्यातील रंग सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाला भट्टीत पक्का केला जातो. तयार मोटारीत रबर, प्लास्टिक व विद्युत उपकरणे असल्याने गॅरेजमध्ये ते तापमान वापरता येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी कमी तापमानाला किंवा हवेत पक्का होणारा, हार्डनर मिसळून वापरावयाचा द्विघटक रंग प्रचारात आला.

याचा परिणाम दुहेरी झाला. रंग अधिक टिकाऊ झाला, परंतु जुन्या व नव्या थराचे एकजीव होणे संपले. मेटॅलिक रंगात धातूचे कण कोणत्या कोनात बसतात, यावर छटा अवलंबून असते. त्यामुळे रंगसंकेत अचूक असूनही गनचा दाब वा अंतर बदलल्यास दुरुस्त केलेला भाग वेगळा दिसतो. तो लपविण्यासाठी ओरखडा बोटभर असला तरी संपूर्ण पॅनेल, प्रसंगी शेजारचे पॅनेलही रंगवावे लागते. ‘पॅनेलप्रमाणे दर’ ही आजची आकारणी याच तांत्रिक अपरिहार्यतेतून आली आहे. नजरेने छटा जुळविणाऱ्या उस्तादाची जागा रंगसंकेत व मिश्रणयंत्र यांनी घेतली. १९९७ मध्ये एशियन पेंट्स व अमेरिकेतील पीपीजी यांनी मोटारींच्या रंगांसाठी संयुक्त कंपनी स्थापन केली, ती याच काळाची द्योतक आहे.

५. सीवूड्स : खाडीकाठचे उपनगर आणि ओरखड्याची खोली

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये, तर मानखुर्द–वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. त्यानंतर वाशीच्या दक्षिणेकडील वस्तीला वेग आला. नेरूळ आणि बेलापूर यांच्या दरम्यानचे सीवूड्स हे त्यांपैकी एक. अनिवासी भारतीयांसाठी उभारलेल्या सीवूड्स इस्टेट या वसाहतीवरून हे नाव रूढ झाले. रेल्वे स्थानकाच्या नावात मात्र ‘दारावे’ हे मूळ गावाचे नाव टिकून आहे. नवे नाव आणि जुने गाव यांचे हे सहअस्तित्व येथील एकूण जीवनाचेही वैशिष्ट्य म्हणता येईल.

या उपनगराची घडण मोटारीच्या प्रसाराच्याच काळात झाली. गृहसंकुलांतील अरुंद वाहनतळ, खांबांमधील जागा आणि रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या यांमुळे ओरखडा हा येथील मोटारमालकाचा नित्याचा अनुभव झाला. त्यात भूगोलाची भर पडते. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पामबीच मार्गालगतची खारफुटी, दमट व खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे पत्र्यापर्यंत पोहोचलेला ओरखडा येथे लवकर गंजतो. गंज रंगाखालून पसरतो आणि सुरुवातीला रेघेएवढा असलेला दोष कालांतराने फुगवटा बनतो.

म्हणूनच येथे अल्प खर्चातील दुरुस्तीचा विचार ओरखड्याच्या लांबीपेक्षा खोलीवरून करणे आवश्यक ठरते. जागा धुऊन, कोरडी करून त्यावरून नख फिरविले असता नख अडकत नसेल, तर दोष बहुधा क्लिअर कोटपुरता असतो. तेथे रबिंग कंपाउंड व पॉलिश पुरेसे होते. रंग फवारण्याची गरज नसते. नख अडकत असेल पण पत्रा दिसत नसेल, तर कंपनीच्या रंगसंकेताचा टचअप रंग बारीक कुंचल्याने रेघेतच भरणे हा मध्यम मार्ग आहे. रेघ जवळून दिसत राहते, पण खालचे थर झाकले जातात. पत्रा उघडा पडला असेल, तर गंज काढून प्रायमर देणे टाळता येत नाही. तो दिल्यावर वरची छटा पूर्ण जुळविण्याचा खर्च पुढे ढकलता येतो. बंपर प्लास्टिकचा असल्याने गंजत नाही. तेथील ओरखडा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे.

क्लिअर कोट वारंवार घासला की तो पातळ होतो व उन्हाने सोलपटतो, ही मर्यादा येथे लक्षात घ्यावी लागते. टूथपेस्टने ओरखडा घालविण्याचा घरगुती उपायही सौम्य घासकामच आहे. त्याचा उपयोग वरवरच्या रेघांपुरता होतो. लॅकरच्या काळातील ‘पुन्हा पुन्हा घासा आणि चमकवा’ ही शिकवण नव्या रंगाला जशीच्या तशी लागू पडत नाही. स्वस्त दुरुस्ती महाग पडते, ती बहुधा ही जुनी सवय नव्या पृष्ठभागावर वापरल्यामुळे.

६. विम्याचे गणित

ओरखड्याच्या दुरुस्तीचा दुसरा नियंता म्हणजे विमा. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा घेतलेला मालक साहजिकच दावा करण्याचा विचार करतो. प्रचलित अटींनुसार रंगकामाच्या साहित्यखर्चावर ५० टक्के घसारा लागतो. एकत्रित बिल असल्यास साहित्याचा वाटा २५ टक्के धरला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० रुपयांची सक्तीची वजावटही असते. शिवाय दावा न केलेल्या सलग वर्षांसाठी मिळणारी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढती सवलत एका दाव्याने शून्यावर येते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करांचा विचार बाजूला ठेवून रंगकामाचे बिल ६,००० रुपये धरल्यास साहित्याचा वाटा १,५०० आणि त्यावरील घसारा ७५० रुपये होतो. वजावट धरून मालकाला ४,२५० रुपये मिळतात. आता मूळ हप्ता ८,००० रुपये आणि चालू सवलत ३५ टक्के मानू. दावा न केल्यास पुढील तीन नूतनीकरणांत सवलत अनुक्रमे ४५, ५० व ५० टक्के मिळेल. दावा केल्यास ती शून्य, २० व २५ टक्के राहील. हप्ता स्थिर धरल्यास फरक अनुक्रमे ३,६००, २,४०० व २,००० रुपये, म्हणजे एकूण ८,००० रुपये होतो. ४,२५० रुपयांसाठी ८,००० रुपये गमावण्याचा हा व्यवहार आहे. घसारा अथवा सवलत सुरक्षित ठेवणारी पूरक कलमे घेतल्यास हे गणित बदलते, परंतु त्यांचा हप्ता वेगळा द्यावा लागतो.

यातून एक ऐतिहासिक निष्कर्ष निघतो. विम्याची रचना मोठ्या अपघातासाठी आहे. लहान ओरखडा तिने व्यवहारतः मालकाच्या खिशावर सोडला आहे. अधिकृत सेवाकेंद्रांच्या प्रसारानंतरही परिसरातील स्वतंत्र पेंटर टिकून राहिला, त्याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग व तपासणी साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल १४ मोटार उत्पादकांना दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी स्वतंत्र दुरुस्तीकाराचे स्थान सार्वजनिक हिताचा विषय आहे, हे त्या आदेशाने प्रथमच ठळकपणे अधोरेखित केले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळातही मोटारींचा समावेश आहे.

७. स्वस्ताईची किंमत : कारागिराचा श्वास

आतापर्यंतचे विवेचन मालकाच्या बाजूने झाले. कारागिराच्या बाजूने पाहिल्यास स्वस्त दुरुस्तीचा वेगळा हिशेब समोर येतो. लॅकरचा काळ निर्धोक होता असे नव्हे. थिनरची वाफ, आगीचा धोका आणि पिवळ्या रंगात दीर्घकाळ वापरले गेलेले शिसे क्रोमेट हे धोके तेव्हाही होते. परंतु द्विघटक रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील संयुगे असतात. फवारणीत ती सूक्ष्म थेंबांच्या रूपाने श्वासात जातात आणि त्यांमुळे व्यवसायजन्य दमा होऊ शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही त्रासदायक ठरते. तोंडाला बांधलेला रुमाल यापासून संरक्षण देत नाही. त्यासाठी वायुवीजनाची सोय असलेला बंदिस्त रंगकक्ष आणि बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो.

अधिकृत सेवाकेंद्राच्या बिलात रंगकक्षाचा खर्च अंतर्भूत असतो. उघड्यावर फवारणाऱ्या छोट्या गॅरेजच्या बिलात तो नसतो. दरांतील फरकाचा काही भाग कौशल्याचा वा जागेच्या भाड्याचा असला, तरी काही भाग या न केलेल्या खर्चाचा आहे. कायद्यानेही हा कारागीर बव्हंशी कक्षेबाहेर ठेवला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची मर्यादा सर्वसाधारणपणे यंत्रशक्तीसह दहा कामगार अशी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती वीस झाली. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियमही मुळात मुख्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. दोन-तीन माणसांचे गॅरेज या सर्वांच्या खाली राहते. रंगातील शिशावर ९० भाग प्रति दशलक्ष अशी मर्यादा घालणारे २०१६ चे नियमही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत.

निष्कर्ष

१) मोटारीच्या रंगदुरुस्तीची स्वस्ताई ही कारागिराच्या औदार्यावर नव्हे, तर रंगाच्या रसायनावर उभी होती. लॅकर हवेत वाळणारा व एकजीव होणारा असल्याने फियाटच्या काळात लहान जागेची दुरुस्ती सुलभ होती. थरांच्या रंगाने ती सुलभता संपविली.

२) विम्याच्या अटींनी लहान ओरखडा व्यवहारतः संरक्षणाबाहेर ठेवला आणि त्यातूनच स्वतंत्र पेंटरची गरज कायम राहिली.

३) सीवूड्ससारख्या खाडीकाठच्या वस्तीत दुरुस्तीची निकड ओरखड्याच्या खोलीवरून ठरते. बहुसंख्य वरवरच्या ओरखड्यांना फवारणीची आवश्यकताच नसते. ती टाळल्यास मालकाचा खर्च वाचतो आणि कारागिराचा विषारी फवाऱ्याशी येणारा संपर्कही घटतो. या एका मुद्द्यावर दोघांचे हित समान आहे.

४) जेथे फवारणी अटळ आहे, तेथे स्वस्त दराचा उर्वरित भार कारागीर आपल्या श्वासाने उचलतो. लहान गॅरेजांना सामायिक वापरासाठी रंगकक्ष उपलब्ध करून देणे हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय ठरू शकतो. नियोजनपूर्वक वसविलेल्या नवी मुंबईत रहिवासी, व्यापारी आणि औद्योगिक वापरासाठी जागा आखल्या गेल्या. तेथील मोटारींची निगा राखणाऱ्या हातांसाठीही अशी जागा आखली जाणे, हे त्या नियोजनाच्या मूळ भूमिकेशी सुसंगतच होईल.